वाघ सरांचे थंड हात

वाघ सर माणसाची ओळख थरावरून ठेवत. शिरपूरच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो. पहिल्या दिवशी माझं नाव विचारायच्या आधी ते म्हणाले, "तू आतल्या थराचा दिसतोस. जेवण वेळेवर लागतं ना?"

गर्भात सुरुवातीला तीन थर असतात. बाहेरच्यातून कातडी आणि मेंदू, मधल्यातून हाडं, स्नायू, हृदय आणि आतल्यातून आतडी तयार होतात. हे ते चादरींवर शिकवत. व्हरांड्यात पिवळी, लाल आणि वर निळी चादर पसरायची, निळीची गुंडाळून नळी करायची आणि सांगायचं, हाच पुढे मेंदू. "कातडी आणि मेंदू सख्खे भाऊ," ते म्हणत. "म्हणून विचार करणारा माणूस आधी डोकं खाजवतो." एकदा प्राचार्य त्या नळीत पाय अडकून पडले. सरांनी त्यांना उठवण्याआधी मुलांना ही विकृती वहीत काढून घ्यायला लावली.

सरांची एकच इच्छा होती, अंड्यातलं धडधडतं हृदय मुलांना दाखवायची. दर हिवाळ्यात ते मला डोंगराकडच्या पाड्यावरून गावरान अंडी आणायला पाठवत. पाडा लांब, चढ दमवणारा. मी बाजारातून पोल्ट्रीची पांढरी अंडी घ्यायचो आणि रंग यावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून ठेवायचो. पोल्ट्रीत कोंबडाच नसतो, त्या अंड्यात गर्भ धरणार कुठून? सर मात्र अंडी उबवायच्या पेटीची ऊब तपासत बसायचे. लाईट गेली की अंडी स्वेटरच्या आत घेऊन वर्गावर जायचे आणि फळ्याकडेही जपून वळायचे. फोडल्यावर दर वेळी नुसता बलक.

गावात बोलणं सुरू झालं की सरांचे हातच थंड, त्यांच्या हाताखाली जीव धरत नाही. सर समोरून येताना दिसले की बाया गरोदर सुनेला घेऊन रस्ता ओलांडू लागल्या. सर हसायचे. मग त्यांची एकुलती मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आणि सर बॅग भरून जळगावला भावाकडे निघून गेले. ती रोज फोनवर रडायची. सर तिला गर्भाचे थर समजावून सांगायचे, पण परत यायचं नाव काढत नव्हते.

शेवटी मी जळगावला गेलो आणि सगळं सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं,

"चहा कोणता?"

"साधाच, सर. पावडर जास्त टाकायची."

त्यांनी तिथल्या तिथे बॅग भरली. बस धुळ्याच्या स्टँडवर थांबली.

"कुणाला सांगू नकोस," मग ते म्हणाले. "प्राणिशास्त्राच्या माणसाला अंडं ओळखता आलं नाही, यापेक्षा माझे हात थंड आहेत, हेच चालू दे."

मी शब्द दिला. सर आता नाहीत, म्हणून तो मोडतो आहे.

मुलगी सुखरूप बाळंत झाली, तेव्हा सर दवाखान्यात दाराबाहेरच उभे होते. बारशाला ते नातीला घ्यायला पुढे झाले, तशी शेजारची अक्का आडवी आली.

"सर, पोरले हात नका लावा. तुमना हात थंडा शे, बठ्ठा गावले माहीत शे."

सरांनी निमूटपणे दोन्ही हात खिशात घातले आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्यांना पाणी देत होतो. मी मान खाली घातली आणि पुढच्या माणसाचा पेला भरला.