चाबकाविना शर्यत

ओल्या गवतावरून एक कोवळा, तांबडा घोडा दौडत येतो, पांढऱ्या अडथळ्यापुढे अंग आक्रसून घेतो आणि पुढचे पाय पोटाशी ओढत हवेत उठतो… खुरांखालची माती माझ्या फ्रॉकवर उडते. घामाचा, भिजल्या खोगिराचा, चघळलेल्या गवताचा तो उष्ण गंध… सिंगापूरमधलं माझं सारं बालपण त्या गंधात मुरलेलं आहे.

बाबा मरीन इंजिनिअर, सदैव जहाजावर. आई कोल्हापूरची, घोड्यांच्या डॉक्टरांची मुलगी. इथल्या एका छोट्या रायडिंग क्लबात ती नवे घोडे तयार करी. वेग कमी पडला म्हणून रेसकोर्सने नाकारलेली ती कोवळी जनावरं — त्यांच्यासाठी अडथळ्यांची शर्यत हवी, हा हट्ट तिचाच. क्लबचे सेक्रेटरी लिम अंकल आधी हसले, मग तयार झाले.

पहिल्या वर्षी जेमतेम चार घोडे जमले. केशर नावाच्या त्या तांबड्या घोड्यावर आई स्वतः होती. शेवटच्या अडथळ्यापाशी केशर थबकला, कान मागे टाकून थरथरू लागला. बाकीचे केव्हाच पुढे निघून गेले.

"व्हिप वापर लाह!" कुंपणाशी कुणीतरी अस्सल सिंगापुरी ढंगात ओरडलं.

आईने हातातला चाबूक गवतावर टाकून दिला. वाकून केशरची मान कुरवाळत ती म्हणाली, "भिऊ नको रे राजा. मी आहे ना."

मग त्याला वळवून तिने लांबून, सावकाश आणलं… आणि केशरने झेप घेतली! तो शेवटचा आला; टाळ्या मात्र सर्वांत जास्त त्यालाच मिळाल्या.

लिम अंकल आईपाशी आले. "पुढच्या वर्षीपासून या रेसमध्ये व्हिप नाही," ते म्हणाले. तो नियमच झाला. वर्षामागून वर्षं शर्यत होत राहिली, आईच्या हाताखाली शिकलेल्या मुली इतर रायडिंग स्कूलमध्ये स्वतः शिकवू लागल्या… पुढे ती जमीन फ्लॅट्ससाठी गेली आणि क्लब मिटला.

आई आता नाही. परवा लेकीला दुसऱ्या एका रायडिंग स्कूलमध्ये नेलं. तिथली तरुण शिक्षिका सहज म्हणाली, "कोवळ्या घोड्यांवर चाबूक चालवायचा नाही. जुना नियम आहे."

"कुणी केला?" लेकीने विचारलं.

शिक्षिकेला ते ठाऊक नव्हतं.

"माझ्या आईमुळे झाला," मी म्हणाले.

लेकीने घोड्याच्या मानेवरून हळूच हात फिरवला, आणि रिकिबीत पाय घातला.