मित्राच्या डोक्याचं हाड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला, प्रमिलाला, तर नाहीच — खोटं तिलाच सांगितलं होतं.

तेव्हा, पंच्याऐंशीच्या सुमारास, मी आलापल्लीला लाकूड डेपोत कारकून होतो. आमची मुलगी मित्रा अडीच वर्षांची. मागे थाळी पडली तरी वळून बघायची नाही. प्रमिलाच्या कडेवर तान्हं बाळ, म्हणून मी एकटाच मित्राला घेऊन नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी नीट समजावलं. परदेशात कानाच्या आत तार बसवायचं ऑपरेशन निघालंय. पण लहान मुलांची कवटी वाढत असते, म्हणून तिथलेही डॉक्टर बिचकतात. "त्याची वाट पाहू नका," ते म्हणाले. "कानाचं मशीन आत्ताच लावा. कान वाढेल तसा कानात बसणारा साचा बदलून देऊ. बोलणं शिकायचं वय हेच आहे."

मशीन म्हणजे छातीवर बांधायची डबी, तिथून कानापर्यंत वायर. बाहेर बाकावर तशी एक मुलगी बसली होती. लोक टक लावून बघत होते. उद्या मित्राकडे बघतील — आणि माझ्याकडे? डेपोतले काय म्हणतील? दुसरी काही अडचण होती का? नव्हती. मला लाज वाटली, एवढंच. मी पोरीला उचललं आणि परतीची बस धरली.

प्रमिला दारातच उभी. "काय म्हनले जी डाक्टर?"

"डोक्याचं हाड वाढून राह्यलं म्हन्ते. आता काई लावाचं नाई. मोठी झाली का पाहू."

"बरं झालं तुमी इचारलं. नाईतं आपन घाई केली असती."

सहा वर्षं ती थांबली. मित्राला न्हाऊ घालताना तिचं डोकं दोन्ही हातांत धरून चाचपायची — वाढलं का हाड? मी बाजूला बसून पेपर वाचायचो.

शेवटी चंद्रपूरला मूकबधिरांच्या शाळेत घातलं, तिथे मशीन लागलं. मित्राला आवाज कळला. दचकली, हसली. शब्द मात्र फुटले नाहीत. "फार उशिरा आणलंत," तिथल्या बाई म्हणाल्या. प्रमिला माझ्याकडे बोट करून तडक बोलली, "डाक्टरच नाई म्हनले होते, बाई. यायले इचारा."

मी मान हलवली. हो म्हणून.

मित्रा आता मोठी आहे, हातांनी बोलते. प्रमिलानं ती भाषा शिकून घेतली, मी नाही. हे सगळं तिला लिहून देता येईल — मित्रा वाचते. अजून दिलेलं नाही.