भन्तेजींच्या देशातलं जेवण

"सुंदरे, तू आलीस व्हय? झाडलोटीला बाई पाठवा म्हणले होते मी गावाकडं. पण खुर्चीवर काय बसायलीस? मागल्या दारानं जा. खरकटं तिकडं हाय."

भर दुपारी. भरलेल्या हॉटेलात. एवढ्या मोठ्यानं.

बोलणारी आमच्या गावची पाटलीणबाई. गल्ल्याजवळ बसलेली. आणि सुंदरा म्हणजे माझी माय.

माय उठली. "जी" म्हणाली आणि उठली. साठीची बाई, पांढरं लुगडं नेसलेली, पदर कमरेला खोचत मागच्या दाराकडं चालायला लागली. माझ्या हातात मेन्यू कार्ड होतं. मी ते खाली ठेवलं नाही. त्याच्यामागं तोंड लपवलं.

हे खरं आहे म्हणून लिहिते.

मायला तिथं मीच नेलं होतं. आमच्या वस्तीतल्या विहारात एकदा थायलंडचे भन्तेजी आले होते. मायनं त्यांना जेवण दान केलं होतं, हात जोडून. तेव्हापासून थायलंड म्हणजे तिच्यासाठी बुद्धाचा देश. परभणीत थाई हॉटेल निघालंय, अस्सल तिकडचं जेवण मिळतं, रविवारी बाहेर नंबर लावून लोक उभे असतात, असं शाळेत रोज ऐकायचे. मी मानवतला हायस्कुलात शिकवते. मायला म्हणलं, "चल, भन्तेजींच्या देशातलं जेवण खाऊ." ती पालमहून एसटीनं आली. विहारात जाताना नेसते ते लुगडं नेसून आली.

हॉटेलच्या दारात बुद्धाची मूर्ती होती. शोभेसाठी ठेवलेली, शेजारी झाडाची कुंडी. मायनं चप्पल काढली. गुडघे टेकले, डोकं जमिनीला लावलं. आत येणारे लोक तिच्या बाजूनं वाट काढून गेले. एकीनं मोबाईलवर फोटो काढला. मग माय तशीच अनवाणी आत आली.

शेजारच्या टेबलावर आमच्या शाळेतल्या मराठीच्या मॅडम आणि गणिताच्या मॅडम होत्या. त्यांनी हात केला. मराठीच्या मॅडमनी विचारलं, "सोबत कोण?"

माझ्या आडनावावरून काही कळत नाही. त्याचा मी सहा वर्षं फायदा घेतला होता. मायच्या अनवाणी पायांकडं बघितलं. म्हणाले, "गावाकडच्या आहेत."

आई म्हणाले नाही.

त्यानंतर दोनच मिनिटांत पाटलीणबाईचा आवाज आला.

हॉटेल तिच्या मुलाचं, विक्रमचं. तो कैक वर्षं बँकॉकच्या हॉटेलात होता, एवढं ऐकून होते. हे हॉटेल त्याचं, हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्या रस्त्याला गेले नसते. विक्रम आणि मी एका वर्गात होतो. माझ्या डब्यात सुकट असायची. तो नाक दाबायचा आणि मला "ए सुकटे" म्हणायचा. मग सगळा वर्ग म्हणायचा. गुरुजी म्हणाले होते, "तू व्हरांड्यात बसून खात जा, पोरी." चार वर्षं मी व्हरांड्यात बसून खाल्लं.

मी किती वेळ तशी बसले, सांगता येत नाही. शेजारच्या टेबलावर मराठीच्या मॅडम गणिताच्या मॅडमना हळूच म्हणाल्या, "कामवाली होती वाटतं." गणिताच्या मॅडमनी मान हलवली. त्यात वाईट हेतूसुद्धा नव्हता. तेच आत रुतलं.

मी उठले. मागं गेले. मागच्या अंगणात माय वाकून उष्ट्या ताटांतलं खरकटं बादलीत काढत होती. लुगड्यावर नारळाच्या रश्श्याचे डाग पडले होते. मला बघून म्हणाली, "झालंच बग. तू जेव तवर."

मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. तिचे हात नळाखाली धरून धुतले. दंडाला धरून तिला आत आणलं, सगळ्यांच्या मधून. टेबलाशी बसवलं.

पाटलीणबाईला म्हणाले, "ही माझी माय हाय. आमी जेवायला आलोत."

विक्रम धावत आला. त्यानं मला ओळखलं नाही. "मॅडम, आईचा गैरसमज झाला. तुमचं बिल घेणार नाही."

"बिल तर घ्यायचंच. जेवण आण."

कच्च्या पपईची कोशिंबीर आली. आंबट, तिखट, वरून सुकी कोळंबी. विक्रम सवयीनं सांगायला लागला, "ही एकदम अस्सल आहे, तिकडं हिच्याशिवाय..."

मायनं वास घेतला. "सुकट हाय की गं ही."

"हो," मी त्याच्याकडं बघत म्हणाले. "सुकटच हाय. यानं हेच नाव ठेवलं होतं मला."

त्याचा चेहरा पडला. मला आनंद वगैरे काही झाला नाही. मायनं दोन घास खाल्ले. तिसरा घास तिनं ताटात परत ठेवला.

परतीच्या एसटीत मी तिला म्हणाले, "पाटलिणीला आज सुनावलं की नाही?"

माय खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली.

"तिचं काय घेऊन बसलीस. तिचं आयकत जलम गेला माझा. तू गावाकडच्या म्हणलीस गं, बाई."

तिनं ऐकलं होतं.

सोमवारी शिक्षकखोलीत मी उभी राहिले. म्हणाले, "काल परभणीच्या थाई हॉटेलात खरकटं काढायला गेली ती माझी आई. शेतात मजुरी करून तिनं मला शिकवलं. आम्ही बौद्ध आहोत. मी सहा वर्षं सांगितलं नाही, ती चूक माझी." दुसऱ्या दिवसापासून एक डबा माझ्याजवळून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला. जाऊ दे.

माय त्यानंतर माझ्यासोबत बाहेर कुठं जेवायला आली नाही. विचारलं की म्हणते, "नको, माझं पोट भरलंय." ते दुखणं मी दिलेलं आहे. ते बरं होईल असं मला वाटत नाही.

पण आता कुणीही विचारलं तर मी गाव सांगते, वस्ती सांगते, मायचं नाव सांगते. वर्गात सांगते, बसमध्ये सांगते, लग्नाच्या पंगतीत सांगते. ज्याला सरकून बसायचं त्यानं सरकून बसावं. मी आवाज खाली करणार न्हाई.