मेश्रामबाईंच्या खांद्यावरची पिशवी

मेश्रामबाई कुणाच्याही दारात उभ्या राहिल्या की आधी पाठ फिरवायच्या. पाहणाऱ्याला हा उद्धटपणा वाटला असता, पण ज्यांच्या दारात त्या जायच्या त्यांना दिसत नसे. आमची लायब्ररी अंध वाचकांची. ज्यांना घराबाहेर पडणं जमत नाही अशांना मेश्रामबाई सायकलवरून ब्रेल पुस्तकं पोचवायच्या. एका खांद्यावरून पाठीवर तिरकी घेतलेली भलीमोठी पिशवी असायची. त्यांनी पाठ फिरवली की वाचकाने स्वतः झाकण उघडायचं, वाचलेलं आत ठेवायचं, नवं चाचपून बाहेर काढायचं. "हातात नेऊन दिलं की औषध दिल्यासारखं वाटते," त्या म्हणायच्या. "त्याहिले निवडू द्या की जरा."

बाई भंडाऱ्याकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात आल्या, नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. वारज्यात एकट्या राहायच्या, मुलगा वाघोलीला. इतक्या वर्षांत आमच्या पेठी मराठीने त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. रागावल्या की पुरत्या भंडाऱ्याच्या व्हायच्या. मी देवघेवीच्या टेबलावर बसते, स्कूटर चालवते आणि चढ दिसला की मला धाप लागते. त्यामुळे वारज्याहून रोज सायकलने येणारी बाई मला सुरुवातीला जरा आगाऊच वाटली. नंतर आमचं इतकं जमलं की एकमेकींचे डबे न विचारता उघडायला लागलो.

ब्रेलचं एक आहे. कागद जाड, ठिपके उठावाचे, साधी कादंबरी असली तरी तीनचार भाग होतात आणि एकेक भाग पाटाएवढा. एकावर एक रचून दाबली की ठिपके बसतात. बसला ठिपका म्हणजे गेलं अक्षर. बाईंनी पहिली पिशवी मोठ्या हौसेने घेतली होती, शहरात सामान पोचवणारी सायकलवाली मुलं घेतात तसली, मऊ आणि ऐसपैस. पहिल्याच आठवड्यात एका रहस्यकथेचा शेवटचा भाग पिशवीत आडवा झाला, त्यावर बाकीचे भाग बसले, खालून बाईंच्या पाठीचा घाम लागला. पुस्तक कसबा पेठेत जोगळेकरांकडे गेलं आणि दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

जोगळेकर म्हणजे निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, जन्मापासून अंध, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे आणि बोलण्यात तिखट. "अहो, खुनी कोण ते शेवटच्या पानांवर असतं असा माझा समज होता," ते म्हणाले. "तुमच्या प्रतीत ती पानं इस्त्री करून पाठवली आहेत. आता मी जिन्यात भेटेल त्याच्यावर संशय घेतोय."

मी हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. पुस्तक परत आल्यावर त्या पानांवरून किती तरी वेळ बोट फिरवत बसल्या, जणू दबलेलं पुन्हा वर येईल. मग पिशवी उचलून कसब्यातल्या बॅगा शिवणाऱ्याकडे गेल्या आणि तिथून पुढे ती पिशवी कधी पूर्ण झालीच नाही. आधी आत पन्हळी प्लॅस्टिकचे उभे कप्पे बसले, म्हणजे पुस्तकं ताटातल्या पापडांसारखी आडवी न पडता कपाटातल्यासारखी उभी राहावीत. पाठीच्या बाजूला रेनकोटचं कापड लागलं. जुन्या मोटारीच्या सीटबेल्टचा रुंद पट्टा आला, कारण मूळचा खांद्यात रुतायचा. ब्रेक दाबला की पिशवी घसरून पोटावर यायची, म्हणून कमरेला आणखी एक बारीक पट्टा आला. मी म्हटलं, "बाई, आता एक खिडकी तेवढी बसवा." त्या म्हणाल्या, "वजनाचं काही नाही हो. वजन कुठं बसते ते पाहा."

हे वाक्य त्या सगळ्याला लावायच्या. आमचे कार्यवाह दर बैठकीत म्हणायचे, ही घरपोच सेवा बंद करा, पोस्टाने पाठवा, नाही तर लोकांना ऑडिओ ऐकू दे. पोस्टातून पुस्तकं सुतळीने आवळून, गठ्ठ्याखाली दबून यायची. आणि ऑडिओचं जोगळेकरांनी एकदा निकालात काढलं होतं. "जन्मभर लोकांचं ऐकतच होतो. आता जरा वाचू द्या." बाईंनी ते कार्यवाहांना जसंच्या तसं ऐकवलं. कार्यवाह म्हणाले, "ठीक आहे, तुम्हाला झेपतंय तोवर चालू द्या." ते 'झेपतंय तोवर' बाईंच्या मनात काट्यासारखं राहिलं.

मग बाईंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. लायब्ररीत त्यांनी मुलाकडे जाऊन येते एवढंच सांगितलं. मला सांगितलं, कारण परत आल्यावर त्यांना पिशवी एकटीने अंगावर घेता येईना. "कुणाला बोलू नका जी. कार्यवाहांना कळलं की संपलं. त्या म्हाताऱ्याहिले कोण पाहते मग?"

पिशवी आतापर्यंत डाव्या खांद्यावर असायची. डॉक्टरांनी त्या खांद्यावर काही घ्यायला मनाई केली होती, हात सुजायचा. उजव्या खांद्यावर घ्यावी तर पट्टा छातीवरून डाव्या काखेत जायचा, नेमका टाक्यांवरून. आम्ही दोघी लायब्ररीच्या मागच्या खोलीत आरशासमोर रिकामी पिशवी इकडून तिकडून लावून बघत होतो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी म्हटलं, "बाई, माझी स्कूटर आहे. मी नेते." त्या म्हणाल्या, "तुमचं टेबल कोण पाहील? आणि काहून नेता? मी मेली का?"

शेवटी त्यांनी उजवा खांदा, म्हणजे टाक्यांवरून जाणारा पट्टाच निवडला. कसब्यातल्या त्या माणसाने झाकण, बकल, पट्टा सगळं उसवून उलट बाजूला शिवलं. काखेत येणाऱ्या पट्ट्याला बाईंनी आपल्या जुन्या सुती लुगड्याची घडी घातली. पहिल्या दिवशी त्यांनी पिशवी चढवली, ओठ घट्ट मिटून पट्टा जरा सरकवला. "बसलं," एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या.

जोगळेकरांचा फोन त्याच संध्याकाळी आला. "पिशवी उलटी झालीय. का?" मी म्हटलं, नवीन शिवली. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन आला. झाकण शोधताना त्यांचा हात पट्ट्याच्या बकलावरून जायचा. "बकल दर खेपेला वर सरकतंय," ते म्हणाले. "पट्टा आखूड होत चाललाय." मी म्हटलं, कापड आटलं असेल. "कापड आटतं. सीटबेल्ट आटत नाही. मेश्रामबाईंना काय झालंय?" मी वचनात अडकले होते. काही नाही म्हटलं.

त्यानंतर जोगळेकरांनी कविता मागायला सुरुवात केली. हा माणूस कवितेला 'अर्धवट ओळी' म्हणायचा. पण कवितासंग्रह ब्रेलमध्येही एका पातळ भागात मावतो. "या वयात मन हळवं होतं," ते मला म्हणाले. "पातळ पाठवा. दोन महिन्यांनी एकदा पाठवलं तरी चालेल." बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एके दिवशी त्यांनी कवितासंग्रह माझ्या टेबलावर आपटला. "हा माणूस माझ्यावर दया करून राहिला!" डोळे भरून आले होते त्यांचे. "माझ्याच पिशवीत हात घालून माझंच वजन करते!"

मग त्यांनी ती जुनी रहस्यकथा काढली. ब्रेल त्या लायब्ररीतच शिकल्या होत्या. छापील प्रत समोर ठेवून दबलेली शेवटची पानं नव्या कागदावर टोचणीने एकेक ठिपका करून उतरवली. ब्रेलची पाटी डाव्या हाताने धरून ठेवावी लागते, आणि तो हात तेव्हा सुजून पावासारखा झाला होता. मध्येच त्या थांबायच्या, सूज उतरावी म्हणून हात डोक्यावर धरायच्या, पुन्हा बसायच्या. पानं बांधून झाल्यावर चारही भाग पिशवीत उभे केले आणि औषधांनी केस गेलेल्या डोक्याचा रुमाल घट्ट करून कसब्यात सायकल नेली. जिने चढून दारात पाठ फिरवली आणि म्हणाल्या, "जोगळेकर, घ्या तुमचा खुनी." हे मला त्यांनीच परत येऊन सांगितलं. सांगताना खुर्चीवरून उठवत नव्हतं, पण खूश होत्या. ती त्यांची शेवटची खेप. त्यानंतर मुलगा येऊन त्यांना वाघोलीला घेऊन गेला. तिथल्या दवाखान्यातच त्या गेल्या.

कार्यवाहांनी शोकसभेत फार चांगलं भाषण केलं आणि पुढच्या बैठकीत घरपोच सेवा बंद केली. मुलाने पिशवी आणून दिली. चार भाग जोगळेकरांकडून परत आणायचे होते. फोनवर मी त्यांना बाई गेल्याचं सांगितलं होतं, तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले होते. मी पिशवी अंगावर घ्यायला गेले तर ती डोक्यातून खाली उतरेना. पट्टा पार शेवटपर्यंत सैल केला तेव्हा कुठे मला बसली.

कसब्यात तीन जिने चढून मी बेल वाजवली आणि दार उघडल्यावर, का कोण जाणे, पाठ फिरवली. जोगळेकरांचा हात झाकण शोधत पट्ट्यावरून गेला आणि बकलापाशी थांबला.

"सैल केलात."

"हो. मला होईना."

"काढा जरा."

मी पिशवी काढून दिली. ते खुर्चीत बसले. पट्टा बोटांत धरून हळूहळू पुढे गेले. बाईंच्या शेवटच्या दिवसांत बकल जिथे बसायचं तिथे पट्ट्याला वळ पडला होता. तो त्यांना सापडला. त्यांनी बकल ओढून तिथे नेलं आणि पट्टा स्वतःच्या डोक्यातून घालून पाहिला. त्यांच्या बारीक खांद्यालाही तो अडला.

"एवढ्याच राहिल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मी कविता कविता करत बसलो. सरळ सांगायला हवं होतं, येऊ नका म्हणून."

"तुम्ही सांगितलं असतं तर त्या आल्या नसत्या, असं वाटतं तुम्हाला?"

"नाही," जोगळेकर म्हणाले. "पण मी सांगायला हवं होतं."

मग त्यांनी पट्टा पुन्हा माझ्या मापाचा केला, आणि चारही भाग एकेक करून पिशवीत उभे ठेवले.