त्र्यंबकमहाराज आणि दोघांची होडी

त्र्यंबकमहाराज दोन्ही मनगटांवर घड्याळं घालत. डावं चावीचं, उजवं सेलचं. कोणी विचारलं की म्हणत, "एक खोटं बोललं तर दुसरं साक्षीले." आमच्याकडची लग्नं वेळेवर लागत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पत्रिकेत सकाळचे अकरा छापायचे आणि नवरदेवाला दीड वाजेपर्यंत घोड्यावर मिरवायचं, ही आमची रीत. पण महाराज ज्या लग्नात भटजी असतील तिथे मुहूर्त जवळ आला की ते थेट वरातीत शिरत, बँडवाल्याच्या ढोलावर हात ठेवत आणि नवरदेवाच्या बापाला सुनावत, "मुहूर्त कोणाच्या बापाची वाट पाहत नाही. तुमची काय पाहीन?" लोक चिडत. पुढच्या लग्नाला मात्र त्यांनाच बोलावत.

अमरावतीत राजापेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी तिथे मी सायबर कॅफे चालवायचो, आणि समोरच्या गल्लीतली महाराजांची मुलगी मुक्ता कॉलेज सुटलं की तिथे गेम खेळायला यायची. ती आठवीत असताना आई गेली, तेव्हापासून घरात बाप आणि लेक दोघंच. पोरगी खेळात अशी तयार होती की भलीभली पोरं तिच्या शेजारी बसायला कचरत. थोड्या वेळाने दाराशी महाराज उभे. आत यायचे नाहीत, पायरीवरूनच बोलायचे, "मुक्ते, चाल घरी. इथं काय मोक्ष मिळून राहिला तुले?" ती मान वर न करता म्हणायची, "दोन मिनिटं बाबा." महाराज दोन्ही घड्याळं बघत खरोखरच दोन मिनिटं थांबायचे.

पुढे मुक्ताने अकोल्याच्या प्रशांत गवईशी लग्न ठरवलं. मुलगा कॉलेजात शिकवतो, सरळ, कमी बोलणारा. पण बौद्ध. मीही बौद्धच, म्हणून गल्लीने काही दिवस माझ्याकडेसुद्धा वाकड्या नजरेने पाहिलं, जसं काही हे लग्न मीच कॅफेतून जुळवलं होतं. महाराजांनी लेकीला एवढंच सांगितलं, "साऱ्या अमरावतीच्या पोरींचे मुहूर्त काढले म्या. तुया काढणार नाही." तिने अकोल्याला नोंदणी पद्धतीने लग्न केलं. त्यानंतर सहा वर्षं बापलेकीत एक शब्द झाला नाही.

त्या सहा वर्षांत महाराज माझ्या दुकानाच्या पायरीवर मात्र येऊ लागले. कधी मोबाईल अडला म्हणून, कधी उगाच. मी चहा मागवला की हात जोडत, "आत्ताच झाला." तो आत्ताच झालेला चहा सहा वर्षं पुरला. मला राग यायचा, मी लपवायचो नाही. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "तो गवई, तुमच्यातलाच ना?" मी म्हटलं, "हो महाराज. माणसातला." ते ओशाळून गेले आणि चार दिवस फिरकले नाहीत. पण एक गोष्ट दरवर्षी न चुकता व्हायची. दिवाळीच्या सुमारास एके दिवशी ते स्टीलच्या डब्यात गरम शिरा आणून पायरीवरूनच हात लांब करून माझ्या टेबलावर ठेवायचे. कशाचा प्रसाद म्हणून विचारलं तर उत्तर एकच, "खाय ना गुपचूप. चौकशा कायले?"

गेमच्या दुकानात, म्हणजे इंटरनेटवरच्या दुकानात, माझी आणि मुक्ताची जुनी ओळख टिकून होती. तिथे आपल्याला हव्या असलेल्या गेमची यादी करता येते आणि ती ओळखीच्यांना दिसते. एके दिवशी मी ती उघडून बसलो होतो. महाराजांनी पायरीवरून मान लांब करून स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा चपला काढून दुकानात आले. "मुक्ताची यादी? तिले काय काय पाह्यजे ते यात लिवलं हाय?" मी हो म्हटलं. ते वाकून ती यादी वाचत राहिले. त्यातल्या एकाही गेमचं नाव त्यांना कळत नव्हतं. तरी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "आपल्या पोरीले काय पाह्यजे, हे मले तुया दुकानात समजून राहिलं." त्या दिवशी त्यांनी चहा घेतला.

यादीत सगळ्यात वर एक होडीचा गेम होता. दोघांनी मिळूनच खेळायचा. एक वल्हं एकाकडे, दुसरं दुसऱ्याकडे, आणि दोघांचा ताल जुळला तरच होडी पुढे जाते, नाहीतर जागच्या जागी गोल फिरते. एकट्याला खेळताच येत नाही. महाराजांनी ठरवलं, हाच घ्यायचा. नेमकी त्याच गेमवर त्या महिन्यात दर शुक्रवारी अकरा वाजता सूट लागणार होती. जोडीने दोन कोड मिळणार होते, किंमत अगदी नावाला, पण नग मोजके. संपले की संपले.

हे त्यांच्या पचनी पडेना. "जे हातात धरता येत नाही, ते संपते कसं? संत्रं संपते, मले समजते."

"कंपनी मोजूनच सोडते, महाराज. आणि अकराच्या ठोक्याला हजारो लोक तुटून पडतात."

मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मुहूर्तच की! वेळ काय संपते का? पण मुहूर्त संपते."

मी म्हटलं, एवढी यातायात कशाला, नेहमीच्या भावाने आत्ता घेऊन देतो. त्यांनी मान हलवली. "बाजारभावानं कोणीई घेईन. सहा वर्षं काही केलं नाही तिच्यासाठी. एवढी तरी धडपड होऊ दे बापा."

पहिल्या शुक्रवारी ते पावणेअकरालाच येऊन बसले, दोन्ही घड्याळं मोबाईलशी जुळवून. अकरा वाजले आणि बोट अडलं. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. मी ओरडलो, "दाबा ना!" ते म्हणाले, "राहुकाळात पोरीसाठी चांगलं काम कसं करू?" चार मिनिटांत नग संपले. मी बराच वेळ बडबडलो. ते खाली मान घालून ऐकत होते, आणि जाताना म्हणाले, "सहा वर्षं मी राहुकाळच पाळून राहिलो, नाही का?" दुसऱ्या शुक्रवारी राहुकाळ बाजूला ठेवला, बोटही वेळेवर पडलं, पण बँकेचा ओटीपी आला तो फोनवर, आणि फोन पूजेच्या पिशवीत, ताम्हन आणि सोवळ्याच्या खाली. तिसऱ्या शुक्रवारी सगळी मांडामांड जेवणाच्या पंगतीसारखी आधीच झालेली. अकराला दहा सेकंद असताना ते लग्नात म्हणतात तसंच, त्याच खड्या आवाजात म्हणाले, "सावधान." दुकानात हेडफोन घ्यायला आलेलं एक जोडपं दचकून मागे सरलं. महाराजांनी बटण दाबलं. कोड मिळाले.

सहासष्ट वर्षांचा माणूस माझ्या खुर्चीत बसून ढसाढसा रडला. ते जोडपं काही न घेताच निघून गेलं.

एक कोड आम्ही महाराजांच्या नावावर लगेच लावला. दुसरा त्यांनी कागदावर स्वतःच्या हाताने उतरवला, पाकिटात घातला आणि पाकिटाच्या कोपऱ्याला कुंकू लावलं. "वाढदिवसाले देईन. मी स्वतः जाईन अकोल्याले. तिले आत्ता सांगशीन तर तुले माही शपथ." मग विचारलं, "तवापर्यंत चालंन ना हे? खराब नाही होणार?"

मी समोरचा लॅपटॉप खोलून बसलो होतो, हातात पेचकस होता. मान वर न करता म्हणालो, "डिजिटल आहे, महाराज. ते काय संत्रं आहे नासायला?"

हे वाक्य मी हसत म्हणालो होतो. आता ते माझ्या कानातून जात नाही.

त्यानंतर महाराज रोज दुपारी सरावाला यायचे. तो गेम माझ्याकडे होता, म्हणून समोरच्या मशीनवर मी दुसरं वल्हं धरायचो. त्यांचा हात नेहमी अर्धा ठोका आधी पडायचा. वेळेच्या पुढे राहायची आयुष्यभराची सवय. होडी गोल फिरायची आणि मला म्हणायचे, "काहून मागं राहतं गा?" हळूहळू जमलं. पहिलं वळण आलं, मग पूल आला, पुलाखालून होडी सरळ निघाली तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले. "मुक्तासोबत पयल्याच दिवशी लाज नाही गेली पाह्यजे," असं म्हणून परत सुरुवातीच्या काठाशी यायचे. मी त्यांना एवढं आनंदात कुठल्याच लग्नात पाहिलं नव्हतं.

लक्ष्मीपूजनाला माझ्या दुकानात पूजा सांगायला आले. आधी कधी आले नव्हते, मी बोलावलंही नव्हतं आणि मी पूजा करतही नाही. म्हणाले, "मंत्र नको तर नको. मी बसतो नुसता." निघताना पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. "घरी उंदरं झाले. नवमीले, तिच्या वाढदिवसाले, सकाळी घेऊन जाईन. काही झालं तर तू देजो, पण नवमीलेच."

पाडव्याच्या सकाळी ते अंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

मुक्ता प्रशांतबरोबर दोन तासांत अकोल्याहून आली. अग्नी पुतण्याने दिला. ती लांब उभी होती, बोलवल्याशिवाय पुढे यावं की नाही हे न कळून. मीच तिचा हात धरून पुढे नेलं. पुतण्याने महाराजांच्या हातातून काढलेल्या घड्याळांपैकी चावीचं तिला दिलं. माझ्या ड्रॉवरमध्ये पाकीट होतं आणि तीन मिनिटांच्या अंतरावर माझं दुकान. पण ते म्हणाले होते नवमीलेच. मी त्यांचा शब्द पाळला.

कार्तिक शुद्ध नवमीला मी पाकीट घेऊन अकोल्याला गेलो. मुक्ताने दार उघडलं, मनगटावर बापाचं घड्याळ. पाकीट हातात घेतलं आणि वरचं नाव वाचलं. महाराजांच्या पोथीतल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'चि. सौ. मुक्ता प्रशांत गवई यांस'. सहा वर्षांत त्यांनी ते आडनाव एकदाही उच्चारलं नव्हतं. ती बराच वेळ त्या एका ओळीवर बोट फिरवत उभी राहिली. प्रशांतने लॅपटॉप आणून दिला.

मी तिला सगळं सांगितलं. यादी, राहुकाळ, पिशवीतला फोन, सावधान. ती हसली, रडली, पुन्हा हसली. मग एकेक अक्षर तपासून तिने कोड टाकला. स्क्रीनवर आलं, या कोडची मुदत संपलेली आहे.

आम्ही तीन वेळा टाकला. मग मी माझ्या फोनवर खरेदीची जुनी पावती उघडली आणि खालचा मुंगीएवढा मजकूर वाचला. सवलतीत घेतलेला कोड अमुक तारखेच्या आत वापरायचा. नेहमीच्या भावात घेतला असता तर मुदतच नसती. ती तारीख महाराजांना अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, आणि त्यांनी मला सरळ विचारलं होतं.

"कधी घेतलं होतं बाबानं हे?" मुक्ताने विचारलं.

"दसऱ्याच्या आधी."

"मग माझ्या वाढदिवसाला काहून नाई दिलं?"

"आज आहे ना वाढदिवस. नवमी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काका, माझा वाढदिवस दिवाळीच्या आधीच झाला. तारखेनं. घरी होती तोवर बाबा तिथीचा करायचे, शिरा करून ओवाळायचे. इथं आल्यावर कॅलेंडरातली तिथी पाहणंच सुटलं. त्यात यंदा अधिक महिना, तिथी किती लांब गेली." ती थांबली. "तारखेच्या दिवशी मी फोन हातातून खाली ठेवत नाई. सहा वर्षं झाले. वाटते, आज तरी करतील. अन् ते..."

मला त्या स्टीलच्या डब्यातला शिरा आठवला. दरवर्षी ती एका दिवशी वाट पाहायची आणि हे दुसऱ्याच दिवशी शिरा करून माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. यंदा तिच्या तारखेला महाराज धडधाकट होते, कोड चालू होता, आणि दुपारी ते माझ्या दुकानात बसून होडी वल्हवत होते.

मी म्हटलं, "तुला गेम मी आत्ता घेऊन देतो. पूर्ण भावाने."

"नको काका." तिने पाकीट पुन्हा नीट मिटलं. "दोघांचा गेम आहे. बाबाचं वल्हं कसं पडायचं, हेच मले माहीत नाई."

मला माहीत होतं. अर्धा ठोका आधी पडायचं. तीन आठवडे रोज दुपारी तिच्या जागी मी बसलो होतो. ते मी तिला सांगितलं नाही, चहा घेतला आणि उठलो.