सातव्या महिन्यातला फोटो

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगायलासुद्धा चार दिवस लावले.

आधीच्या दोन वेळी सगळ्यांना सगळं सांगून झालं होतं. पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसऱ्यांदा पाचवा लागला होता. सोनोग्राफीचं चित्र मी ऑफिसात स्कॅन करून बहिणीला, मैत्रिणींना, टीममधल्या झाडून सगळ्यांना मेल केलं होतं. त्या धुरकट चित्रात नाक कुठे, हात कुठे, ते बाण काढून दाखवलं होतं. आठ दिवसांनी ते बाळ गेलं. त्यानंतरही अभिनंदनाची उत्तरं येत राहिली, कारण सुट्टीवरून परत आलेल्यांना पुढचं माहीत नव्हतं. मी एकेक मेल उघडायची, वाचायची आणि बंद करायची.

हिंजवडीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे माझं काम होतं. कारणाशिवाय काही बिघडत नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. डॉक्टरांना कारण सापडलं नाही, तेव्हा मी माझ्यापुरतं एक शोधून काढलं. मी चित्र दाखवलं म्हणून ते गेलं. हा मूर्खपणा आहे हे मला कळत होतं. पण कळल्याने भीती कमी होत नाही.

म्हणून या वेळी फोटो बंद. सोनोग्राफीचा कागद मी पाकिटातून बाहेरच काढला नाही. मावसबहिणीच्या लग्नात फोटोग्राफर आमच्या रांगेकडे वळला की मी पाणी प्यायला उठायची. तिच्या अल्बममध्ये मी कुठेच नाही. ‘तू आली होतीस ना गं?’ असं तिने नंतर विचारलंसुद्धा.

पाचव्या महिन्यात नवऱ्याला कंपनीने चार महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. मी थांब म्हणाले असते तर तो थांबला असता. पण त्या वर्षांत बाहेर जायची संधी कोणी सोडत नसे, आणि थांब म्हणायचं तर भीती वाटते हे कबूल करावं लागलं असतं. मी त्याची बॅग भरून दिली. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेलेली. त्यामुळे सोबतीला अमरावतीहून सासूबाई आल्या.

त्या तिकडे शाळेत मराठी शिकवत. एरवी त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा शुद्ध. मन हललं की मात्र वऱ्हाडी बाहेर यायची. आमचं नातं तोवर सणावारापुरतं. मी त्यांना ‘अहो आई’ म्हणायची, त्या मला ‘बाळा’ म्हणायच्या, आणि दोघीही एकमेकींशी जपून वागायचो. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना करमत नसणार, पण तसं त्या बोलल्या नाहीत. मी कंपनीच्या बसमधून उतरले की कोपऱ्यावर त्या उभ्या असायच्या. ‘भाजी घ्यायला आले होते,’ म्हणायच्या. हातात पिशवी नसायची.

नवऱ्याचा रविवारी सकाळी फोन यायचा. ‘एक तरी फोटो पाठव ना. तू दिसतेस कशी तेच मला माहीत नाही,’ तो म्हणायचा. मी विषय बदलायची.

सातवा संपत आला तेव्हा एका दुपारी आई म्हणाल्या, ‘पाहुणे बोलवायचे नाहीत, झोपाळा नको, गाणी नकोत. ओटी मी भरते. फक्त एक फोटो काढून येऊ आपण.’

‘अहो आई, नको.’

‘का नको?’

मला कारण सांगता येईना. सुशिक्षित मुलीला सांगता येईल असं ते कारणच नव्हतं. मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिले. त्या उठून आत गेल्या आणि त्यांची डायरी घेऊन आल्या. तिच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात एक काळा-पांढरा फोटो होता. मागे रंगवलेला पडदा, खुर्चीत एक म्हातारी बाई, आणि तिच्याशेजारी उभ्या असलेल्या तरुण आई. अंगावर फुलांचे दागिने आणि साडीखालून स्पष्ट दिसणारं पोट.

‘हे पोटात आहेत का?’ मी विचारलं. म्हणजे माझा नवरा.

‘नाही. त्याच्या आधीची. मुलगी होती.’ त्या फोटोकडेच बघत होत्या. ‘चार दिवस होती. बारसं नाही झालं, नाव नाही ठेवलं. पुढं घरात कोणी विषयही काढला नाही. तुझ्या नवऱ्याले माहीत नाही. तिचा एवढाच एक फोटो आहे माह्यापाशी. हा नसता तर ती होती हे मी कोणाले दाखवलं असतं?’

मला त्यांचा हात धरावासा वाटला. पण त्याच क्षणी दुसरा विचार आला. या बाईला फोटो कशासाठी हवाय ते मला कळलं. आनंदासाठी नाही. उद्या काही झालंच, तर काहीतरी हाताशी राहावं म्हणून.

मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर का, ते मोठ्याने बोलावं लागलं असतं.

शनिवार ठरला. आई सकाळीच मंडईजवळच्या फुलवालीकडे जाऊन मोगऱ्याचे दागिने घेऊन आल्या. वेणी, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. त्या साडी नेसवत होत्या आणि मी मोजत होते. डॉक्टरांनी बाळाच्या हालचाली मोजायला सांगितल्या होत्या. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजायचं. मी दिवसभरच मोजायची. मीटिंगमध्येसुद्धा वहीच्या कोपऱ्यात रेघा मारायची. त्या सकाळी एकही रेघ नव्हती.

झोपलं असेल, मी स्वतःला सांगितलं. गार पाणी प्यायले. गूळ खाल्ला. पोटावर हात ठेवून वाट पाहिली. काही नाही.

मी बोलले नाही. याबद्दल आजही मला स्वतःला माफ करता येत नाही. बोललं की ते खरं होईल असं वाटत होतं. न बोलता जितकी मिनिटं जातील तितकी मिनिटं ते अजून आहे. अशी मी रिक्षात बसले आणि सदाशिव पेठेत त्या स्टुडिओचा जिना चढले.

फोटोग्राफर साठीचे होते. चष्मा कपाळावर, शर्टाची बाही कोपरापर्यंत. नवा डिजिटल कॅमेरा तिकाटण्यावर लावलेला, आणि बाजूला टेबलावर जुना, त्यांच्या जास्त विश्वासाचा. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि आईंना मागे उभं केलं.

‘सूनबाई, हा पासपोर्टचा फोटो नाही. जरा जिवंत माणसासारखं बघा.’

मी मान वर केली. ते आईंकडे वळले.

‘आणि आपण अशा परक्यासारख्या काय उभ्या? खांद्यावर हात ठेवा. दुसरा हात त्यांच्या हातावर आणा. हां. तिघांचा फोटो आहे, तिसऱ्यालाही त्यात घ्यायला नको का?’

तिघांचा. इतक्या महिन्यांत हा आकडा कोणी उच्चारला नव्हता. आईंचा तळवा माझ्या हातावर आला आणि आमचे दोघींचे हात पोटावर आले. त्यांचा हात गरम होता. लग्नाला पाच वर्षं झाली होती. नमस्काराला वाकणं आणि त्या सकाळचं साडी नेसवणं सोडलं, तर आम्ही एकमेकींना कधी शिवलो नव्हतो. खाली पोट घट्ट आणि गप्प.

‘हसा.’

मी हसले. त्या फोटोत मी खरंच छान हसतेय, बघणारे आजही तसं म्हणतात. हसताना मला खात्री होती की ते गेलंय, आणि मी मेलेल्या बाळाबरोबर फोटो काढून घेतेय.

दिवा लखकन उजळला. माझ्याच्याने राहवेना. ‘आई,’ मी म्हणाले, ‘सकाळपासून हललं नाहीये.’

खांद्यावरचा हात घट्ट झाला. ‘केव्हापासून?’

‘उठल्यापासून.’

‘आणि तू आता सांगून राहिली?’ बस, एवढंच बोलल्या. पुढे कधीही, रागातसुद्धा, त्यांनी ते वाक्य पुन्हा काढलं नाही. त्यांनी मला उभं केलं, पर्स उचलली आणि फोटोग्राफरांना म्हणाल्या, ‘रिक्षा पाहिजे. आत्ता.’

ते आमच्याआधी जिना उतरले. पहिला रिक्षावाला ‘तिकडे नाही जाणार’ म्हणाला. फोटोग्राफर रिक्षाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. ‘नाही कसे? जाताय आपण,’ म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या अंगावरच्या मोगऱ्याकडे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला आई माझ्या पोटाखाली हात धरत होत्या.

दवाखान्यात नर्सने पोटावर जेल लावून यंत्राचं टोक फिरवायला सुरुवात केली. खरखर. तिने जागा बदलली. पुन्हा खरखर. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होती, आणि मनात एकच: हिने माझ्याकडे बघू नये, कारण बघितलं तर ती सांगेल.

मग आवाज आला. टक, टक, टक. आहे. पण इतका मंद, की कोणीतरी थकून जिना चढतंय असं वाटावं.

डॉक्टर धावत आल्या. पाणी कमी झालंय, बाळाला आत पुरेसं मिळत नाहीये, थांबण्यात धोका आहे, आत्ताच काढावं लागेल, असं भराभर सांगून झालं. मी कागदावर सही केली. आईंनी कागदाखाली पॅड धरून ठेवलं. मोगऱ्याच्या गाठी सुटेनात, तेव्हा नर्सने दागिने कात्रीने कापून काढले. मला आत नेताना फरशीवर कळ्याच कळ्या होत्या.

मुलगी झाली. सव्वा किलोची. तिचं रडणं मी ऐकलं, मांजराच्या पिल्लासारखं बारीक. मग तिला माझ्या डोळ्यांसमोरून नेलं आणि काचेच्या पेटीत ठेवलं.

त्या खोलीत आईवडिलांखेरीज कोणाला सोडत नसत. मी व्हीलचेअरवरून जायची, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची आणि पेटीजवळ बसायची. तिची छाती वरखाली होतेय का, एवढंच बघायची. यंत्र मध्येच वाजायचं, नर्स तिच्या तळपायाला टिचकी मारायची, आणि ती पुन्हा श्वास घ्यायची. दिवसातून किती वेळा तरी. प्रत्येक वेळी मला वाटायचं, ही शेवटची.

आई बाहेरच्या बाकावर बसायच्या, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. मी बाहेर आले की त्या फक्त चेहरा वाचायच्या. एकदाही ‘कशी आहे?’ असं विचारलं नाही.

नवरा पोचला तो चौथा दिवस होता. चार हा आकडा आम्हा दोघी बायकांच्या डोक्यात होता, त्याला पत्ता नव्हता. तो तिकडून छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन आला होता. पेटीपाशी आल्यावर काचेपर्यंत वाकला. मग खिशातून कॅमेरा काढला आणि फ्लॅश बंद करू लागला. मी त्याचं मनगट पकडलं.

‘नको. पाया पडते. नको काढूस.’

त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘अगं, आई चार दिवस बाहेर बसलीये. तिने नातीचं तोंडही पाहिलेलं नाही.’

नर्स थांबली होती. पेटीत ती हातमोज्याएवढी टोपी घालून झोपली होती, नाकात नळी. मला वाटलं, आता हा बटण दाबेल आणि यंत्र वाजेल आणि या वेळी ती श्वास घेणार नाही. मी मनगट सोडलं. डोळे मिटून घेतले. बारीकसा आवाज झाला. मी डोळे उघडले तेव्हा तिची छाती वर गेली होती. मग खाली आली. मग पुन्हा वर गेली.

बाहेर आईंनी चष्मा पुसून त्या इवल्याशा पडद्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. ‘नाकाची नळी सोडली तर माह्यावरच गेली,’ म्हणाल्या. मग तिथेच बाकावर त्यांनी आपली डायरी उघडली आणि मुलाला त्याच्या मोठ्या बहिणीबद्दल सांगितलं. तो पस्तिशीचा पुरुष दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी मागे वळून पुन्हा आत गेले. पेटीपाशी कोणीतरी असायला हवं होतं.

पाचवा दिवस उजाडला. सहावा. दहावा. फोटोग्राफर एकदा स्वतः येऊन मोठं पाकीट देऊन गेले. ‘तिसऱ्याची तब्येत कशी आहे?’ एवढं विचारलं आणि उत्तर ऐकून मान डोलावून निघाले. मी पाकीट उघडलं नाही, तेव्हा नाही.

सहाव्या आठवड्यात तिला घरी सोडलं. दोन किलोंच्याही आतच होती. रिक्षा नको म्हणून नवऱ्याच्या मित्राची गाडी आणली, ती त्याने बैलगाडीच्या वेगाने चालवली. दारात आईंनी भाकरतुकडा ओवाळला आणि पहिल्यांदा तिला हातात घेतलं. मी हात पुढे करूनच उभी होते, सुटली तर झेलायला. त्या पलंगावर बसल्या, दुपटं सोडलं, तिच्या पायांची बोटं एकेक करून मोजली, मग हातांची. मुलगी डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघत होती.

‘आता तू अशी उभी राहू नको,’ त्या मान वर न करता मला म्हणाल्या. ‘चहा ठेव. साखर जास्त टाक.’

मी स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवला. दोनदा बाहेर येऊन बघून गेले.