तुळशीरामजींचे विमान आणि गल्लीचे कुलूप

श्री. तुळशीरामजी खंडारे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. अमरावतीत आमच्या गल्लीच्या वाचनालयात एका रविवारी सकाळी माझे व्याख्यान होते. आवाज मला बरा मिळाला आहे, पण त्या दिवशी भिंतीपलीकडे कुणीतरी दम्याने बेजार झालेल्या हत्तीसारखे धापा टाकत होते. मी वाक्य चढवीत न्यावे आणि नेमक्या विरामाच्या जागी त्या हत्तीने सुस्कारा सोडावा. श्रोते हसू लागले. व्याख्यान कसेबसे उरकून मी तडक शेजारच्या घरात शिरलो.

अंगणातल्या टिनाच्या खोलीत प्लायवूडचे एक बंद खोके होते. ते आपोआप डावीकडे कलत होते, सावरत होते, पुन्हा नाक वर करीत होते. शेजारी एक बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्या म्हणजे सौ. पार्वताबाई.

"हे काय चालले आहे?" मी गरजलो.

"बसा नं बाप्पा," त्या म्हणाल्या. "आता उतरतेच ते. बडनेऱ्यापाशी आले असन."

खोक्यातून आवाज आला, "झाकण उघडू नका! ढगात हाय मी."

थोड्या वेळाने झाकण उघडले आणि खाकी अर्ध्या चड्डीतले, घामाने निथळणारे तुळशीरामजी बाहेर आले. माझी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "तुमच्या आवाजानं माह्यी दिशा चुकली, तुमी उलटे मलेच काहून रागावता? बसा आत." मला त्यांनी आत बसवले, हातात दांडा दिला, समोरचे काटे दाखवले आणि झाकण लावले. मी सरळ चाललो होतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. झाकण उघडल्यावर त्यांनी टेबलावरच्या नकाशावर बोट ठेवले. "राजेहो, तुमी मघाच कलंडले आन् पूर्णेत पडले. अंग सांगते ते ऐकलं तुमी. ढगात अंग खोटं बोलते, काट्याचं ऐका लागते."

त्या दिवसापासून मी त्यांचा मित्र आहे. पुढे ते आमच्याच शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि मी त्यांचा सहकारीही झालो. त्यांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे, अशी गौरव समितीने विनंती केली. मी लिहितो आहे. मात्र मनातला संताप गिळून गोड लिहिणे मला जमत नाही आणि जमावे अशी इच्छाही नाही.

तुळशीरामजींचा जन्म चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातला. वडील रेल्वेच्या रुळांवर मजुरी करीत. शाळेत बाहेर बसून शिकलेला हा मुलगा इंटर सायन्सपर्यंत पोचला आणि महायुद्धात हवाई दलात यंत्रदुरुस्तीच्या कामावर लागला. वैमानिकांना जमिनीवरच उडायला शिकवणारे हलते खोके त्यांनी तिथे पाहिले. त्याचा प्रत्येक स्क्रू त्यांनी हाताळला, भाते शिवले, नळ्या बदलल्या. एकदा त्यांनी वरिष्ठांना विचारले, "साहेब, मी एकदा शिकाले बसू का?" सगळी खोली हसली. त्यांना सांगण्यात आले की तुझे काम बाहेरचे आहे. हे सांगताना तुळशीरामजींच्या चेहऱ्यावर कडवटपणा नसतो, तो माझ्या चेहऱ्यावर असतो. ज्यांच्या हातांनी यंत्र चालते त्यांना त्या यंत्राच्या खुर्चीवर बसू न देणारा समाज आपल्या मागासलेपणाचे खापर ग्रहांवर फोडतो, याचा मला संताप येतो.

लढाई संपल्यावर त्यांनी पदवी घेतली. धर्मांतराच्या पुढच्या वर्षी, साठवलेल्या पैशांतून, वकील आणि शिक्षकांच्या आमच्या गल्लीच्या टोकाला घर बांधले. आधी टिनाची खोली उभी राहिली, मग स्वयंपाकघर. पार्वताबाई अजून म्हणतात, "या खोक्यानं माह्या चुलीची जागा खाल्ली." खोक्याचे कारण साधे होते. वऱ्हाडची पोरे वैमानिकाच्या परीक्षेला जात आणि पहिल्याच फेरीत गळत. मोठ्या शहरातल्या मुलांनी असे यंत्र आधी पाहिलेले असे. आमच्या मुलांना तिथेच पहिल्यांदा भोवळ येई. "भोवळ घरीच येऊन जाऊ द्या," तुळशीरामजी म्हणाले, "परीक्षेत काहून?"

भांडणाच्या दिवशीचे पहिले खोके मोडून आजचे यंत्र त्यांनी नव्याने कसे केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. मोडक्या ट्रकचा फिरता सांधा मधोमध रोवला, त्यावर प्लायवूडचे खोके बसवले. आत जीपची खुर्ची आणि लढाईनंतर लिलावात निघालेले जुने काटे. खोक्याखाली चार बाजूंना चामड्याचे चार भाते. दांडा डावीकडे केला की डाव्या भात्यातली हवा ओढली जाते, तो बसतो आणि खोके त्या अंगावर कलते. जुना पंखा धापा टाकीत होता, हवा ओढायला दुसरा दमदार पंखा हवा होता. त्यासाठी आम्ही दोघे अकोल्याच्या भंगारबाजारात गेलो. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगचा एक धुळकट पंखा त्यांनी हेरला. दुकानदाराने विचारले, "मास्टरजी, आटाचक्की डालोगे?"

"नहीं सेठ, उडनेका है."

"तो पहले बीवीसे पूछ लो," दुकानदार म्हणाला आणि सगळा बाजार हसला. सगळ्यांत मोठ्याने तुळशीरामजीच हसले.

वैशाखात अकोला-अमरावतीचे ऊन कसे असते ते तुम्हाला ठाऊक आहे. चामडे तडकले. पहिले भाते फाटले, दुसरेही फाटले. एरंडेल चोळून, ओल्या गोणपाटाखाली ठेवून त्यांनी तिसरे तयार केले आणि ते आजतागायत टिकले आहेत. बाहेरच्या टेबलावर त्यांनी आपल्या मुलखाचा नकाशा काढला. त्यावर एक तीनचाकी पेन खेकड्यासारखे सरकते आणि आतला विद्यार्थी कुठे चालला आहे त्याची रेघ उमटवते. चांदूर, धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. आपल्या गावांवरून उडता येते, हे आमच्या पोरांना त्या रेघेने पहिल्यांदा पटवले.

एका मोठ्या शहरातल्या विमान मंडळाला त्यांनी पत्र लिहून यंत्र पाहायला बोलावले. उत्तर आले की हे यंत्र मान्यताप्राप्त नाही. पाहायला मात्र कुणी आले नाही. न पाहता नापास करण्याची ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिला कुणाचीच मान्यता लागत नाही.

तरीही विद्यार्थी आले. भातकुलीचा गजानन सगळ्यांत हुशार होता. पण डोळ्यांच्या तपासणीत त्याला परत पाठवले. तो टिनाच्या खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. तुळशीरामजींनी त्याची समजूत घातली नाही. त्याला नकाशाच्या टेबलाशी बसवले आणि म्हणाले, "वर जाणारा एक असते लेका, त्याले खालून वाट सांगणारे लय लागते. चाल, आत बसला त्याले अकोल्याले उतरव." गजानन आज एका विमानतळावर, विमानांना वाट सांगणाऱ्या खात्यात नोकरीला आहे. सुटीत आला की आधी टिनाच्या खोलीत जातो, मग भातकुलीला. एखाद्या मुलाला आत ओकारी झाली तर तुळशीरामजी स्वतः बादली घेऊन येत आणि पोराची मान खाली जाऊ नये म्हणून म्हणत, "काही नाही, तेल गळलं इंजिनचं." त्यांच्या खुर्चीवर ब्राह्मणाचा मुलगा बसला, बौद्धवाड्यातला बसला, तेल्याचा बसला, मुसलमानाचा बसला. "काटा कोणाचं आडनाव पाह्यत नाही," एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान.

गल्ली मात्र आडनाव पाहत होती. धामणगावच्या धान्यव्यापाऱ्याची मुलगी कुंदा इथल्या कॉलेजात आली आणि यंत्रावर शिकू लागली, तेव्हा गल्लीचा संयम संपला. एकाच खुर्चीवर सगळ्या जातींची पोरे, त्यात झाकण लावून बसणारी मुलगी! नगरपालिकेकडे तक्रार गेली आणि तिच्यावर पहिली सही वकील बापूसाहेबांची होती. तक्रार आवाजाची होती. त्याच गल्लीत जिनिंगचा भोंगा रोज वाजतो, लग्नाचा बँड मध्यरात्रीपर्यंत चालतो, माझ्यासारखे वक्ते तासन् तास ओरडतात. त्या आवाजांनी कुणाची झोप मोडली नव्हती. खरे कारण कागदावर लिहिण्याचे धैर्य या सुशिक्षितांपैकी एकालाही झाले नाही, म्हणून ते मी इथे लिहितो.

पालिकेचे निरीक्षक आले. तेव्हा मी हजर होतो.

"हे हलते नं?"

"हलते," तुळशीरामजी म्हणाले.

"माणूस बसते?"

"बसते."

"मंग जत्रेतला पाळणाच झाला की. परवाना कुठाय?"

"साहेब, सायकलरिक्षाही हलते, तिच्यात माणूस बसते."

"रिक्षा जागा सोडते. हे जाग्यावरच हाय."

या तर्कशास्त्रावर त्या यंत्राला विनापरवाना करमणुकीचे साधन ठरवण्यात आले. खोलीला कुलूप लागले, त्यावर लाखेची मोहर बसली. तुळशीरामजींनी अर्ज केले, मी सभा घेतल्या. मोहर हलली नाही. भाते बंद खोलीत वाळू नयेत म्हणून पार्वताबाई बाहेरून टिनावर पाणी मारीत राहिल्या. शिकणारी पोरे गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत जात.

आणि आता एकसष्टी! समितीच्या अध्यक्षपदी बापूसाहेब. आपल्या शहराचा अभिमान म्हणून तुळशीरामजींना शाल द्यायची आणि त्यांचे यंत्र रंगवून बागेच्या दाराशी ठेवायचे, असा त्यांचा बेत. खाली पाटी. पोरांनी भोवती खेळावे. निमंत्रण घेऊन बापूसाहेब स्वतः घरी आले.

तुळशीरामजी म्हणाले, "शाल घेतो. पण जो घालन त्यानं आधी आत बसून अकोल्याले जाऊन दाखवावं."

"अहो, पण त्याला तर कुलूप आहे."

"व्हय. ते तुमालेच पुसा लागन."

बापूसाहेबांनी खिशातून पेन काढले. मग म्हणाले, "त्यात काय, काढवून घेऊ." आणि वाचकहो, अर्जांनी, सभांनी, पोरांच्या विनवण्यांनी न निघालेले ते कुलूप अध्यक्षांच्या एका चिठ्ठीने दुपारच्या चहाआधी निघाले! जे इतके सहज निघू शकत होते ते इतके दिवस का लावून ठेवले होते, या प्रश्नाचे उत्तर या ग्रंथातल्या कुठल्याच गौरवलेखात तुम्हाला मिळणार नाही.

बापूसाहेब आत बसले. पंखा सुरू झाला, भात्यांनी श्वास घेतला. रेघ बडनेऱ्यापर्यंतही गेली नव्हती तोच आतून झाकणावर थापा पडल्या. तुळशीरामजींनी झाकण उघडले, त्यांना हाताला धरून उतरवले, ओट्यावर बसवून पाणी दिले. हसले नाहीत. मला हसू आवरले नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी गप्प बसलो. अपमान सोसलेला माणूस दुसऱ्याला अपमानातून कसा वाचवतो, हे मी त्या ओट्यावर पाहिले.

"कुंदाला हे जमते?" बापूसाहेबांनी विचारले.

"कुलूप लागलं तवा ती अकोल्याहून वापस येत होती," तुळशीरामजी म्हणाले. "याच महिन्यात परीक्षा हाय तिची."

बापूसाहेबांनी मान डोलावली. मला आशा वाटली. पण उठताना ते म्हणाले, "रविवारच्या समारंभापर्यंत उघडे राहील. सोमवारी पालिकेची माणसे येतील, यंत्र बागेत हलवून खोलीला पुन्हा कुलूप लावतील. समितीचा ठरावच झाला आहे, मी तरी काय करणार?" ठराव त्यांनीच मांडला होता!

म्हणजे रविवारी शाल आणि सोमवारी कुलूप. जिवंत माणसाला हार घालायचा आणि त्याचे जिवंत काम पेंढा भरून दाराशी ठेवायचे, याला आपण गौरव म्हणतो. मी म्हणत नाही. समितीला शरम असेल तर तिने रविवारी व्यासपीठावरूनच तो ठराव मागे घ्यावा. हा लेख गाळायचा असेल तर तोही गाळावा, मी तो चौकात उभा राहून वाचून दाखवीन.

समितीने तसे केले नाही तर काय होईल, तेही इथेच सांगतो. सोमवारी सकाळी खुर्चीवर पहिली पाळी कुंदाची आहे. नकाशाच्या टेबलाशी गजानन बसेल, त्याने त्यासाठी रजा काढली आहे. आत विद्यार्थी असताना बाहेरच्याने पंखा बंद करायचा नाही, हा त्या खोलीचा नियम आहे. कुंदा अकोल्याहून परतेपर्यंत कुलूपवाल्यांनी ओट्यावर बसावे, पार्वताबाई चहा देतील. ती उतरली की दुसरा बसेल, मग तिसरा. माणसे जमवणे हा माझा आयुष्यभराचा धंदा आहे. खुर्ची रिकामी पडणार नाही एवढी रांग लावण्याचे काम मी अंगावर घेतले आहे.

तुळशीरामजींचे डोळे असेच लख्ख राहोत, गुडघे ठणठणीत राहोत, त्यांची जीभ आज आहे तितकीच तिखट राहो. त्या रांगेतला शेवटचा विद्यार्थी उतरेपर्यंत त्यांनी जगावे, एवढेच माझे मागणे आहे. ती रांग संपणार नाही, हे आमच्याकडे लागले.